दप्तरातून आलेले कुळ

चीनच्या सार्वजनिक सुरक्षा मंत्रालयाने २००७ साली नागरिकांच्या नोंदींवरून आडनावांची मोजदाद जाहीर केली. वांग आडनावाची माणसे ९ कोटी २८ लाखांवर भरली, ली ९ कोटी २० लाख आणि झांग आठ कोटी ७५ लाख. म्हणजे अवघ्या तीन आडनावांत देशाची एक पंचमांशाहून जास्त वस्ती सामावली. असे आकडे समोर आले की चीनमध्ये आणि चीनबाहेरही एक ठरलेले स्पष्टीकरण दिले जाते: ही फार जुनी कुळे आहेत, प्रत्येकाचा कोणी एक मूळपुरुष आहे, आणि मागे मागे जात राहिले तर सगळ्या वाटा पुराणातल्या पीत सम्राटापाशी पोचतात. चिनी आडनावांच्या कोणत्याही कोशात प्रत्येक नावापुढे असा मूळपुरुष नोंदवलेला सापडतो. हे स्पष्टीकरण मला पटत नाही. चिनी आडनावाचा इतिहास जितका बारकाईने पाहावा तितके ते रक्ताची कमी आणि राजाच्या दप्तराची जास्त साक्ष देते. कोणाला जमीन मिळाली, कोण कुठल्या पदावर होता, कोणाची खानेसुमारी कुठल्या वर्षी झाली, कोणावर राजाची मर्जी बसली आणि कोणावरून उडाली, हे त्यात लिहिलेले असते. मोजदाद पोलीस खात्याकडून यावी, हेही त्याच परंपरेला धरून आहे.

सुरुवात मात्र रक्तापासून झाली, हे मान्य केले पाहिजे. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकात, झोउ राजवटीत, आडनावासारख्या दोन वेगवेगळ्या गोष्टी होत्या. एक ‘शिंग’ आणि दुसरी ‘शि’. शिंग हे जन्माने मिळणारे, कधी न बदलणारे कुलनाम. जी, ज्यांग, स, ग्वेइ अशा जुन्या शिंगांच्या चित्रलिपीत स्त्रीचे चिन्ह असते. त्यावरून प्राचीन चीनमध्ये मातृसत्ता होती असा निष्कर्ष काही अभ्यासकांनी काढला. त्याला पुरावा तोकडा आहे. पण शिंग स्त्रियांच्या नावात आवर्जून लावले जाई आणि पुरुषांच्या नावात नाही, एवढे नक्की, आणि त्याचे कारणही सरळ आहे: एका शिंगात लग्न होत नसे, त्यामुळे सून आणताना तिचे शिंग माहीत असणे भाग होते. आपल्याकडच्या गोत्राचे काम यापेक्षा फार वेगळे नाही. पुरुष ओळखला जाई तो शिवरून, आणि शि म्हणजे घराण्याला मिळालेली जहागीर, पद किंवा वतन. ते बदलले की शिही बदले. कन्फ्यूशियसचे शिंग ‘ज़’ होते, शांग राजवंशाकडून आलेले. आज त्याच्या वंशजांचे आडनाव म्हणून जगाला ठाऊक असलेले ‘कोंग’ हे त्याचे शि. चीनच्या पहिल्या सम्राटाचे शिंग यिंग, शि झाओ.

या दोन्हींतला फरक एका माणसाच्या आयुष्यात फार स्वच्छ दिसतो. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात वेइ नावाच्या छोट्या राज्याच्या राजघराण्यात यांग नावाचा मुलगा जन्मला. त्या राज्यावरून त्याला वेइ यांग म्हणत. राजवंशातल्या नातवंडांना लावायच्या उपपदावरून तोच गोंगसुन यांगही होता. पुढे छिन राज्यात जाऊन त्याने तिथला कारभार उलटापालटा केला, लढाई जिंकली आणि इ.स.पू. ३४० मध्ये शांग हा प्रदेश जहागीर म्हणून मिळवला. तेव्हापासून इतिहास त्याला शांग यांग म्हणतो. एक माणूस, तीन नावे, आणि तिसरे नाव निव्वळ पराक्रमाच्या बक्षिसाचे. घरोघरची माणसे मोजून पाच-पाच घरांचे गट पाडायचे आणि एकाच्या गुन्ह्याला सगळ्यांना जबाबदार धरायचे, ही छिन राज्याची पद्धत ज्याने कडक केली तो हाच. ज्याचे स्वतःचे नाव कधी स्थिर राहिले नाही, त्यानेच सामान्य माणसाचे नाव दप्तरात कायमचे गोठवणारे यंत्र मजबूत केले.

त्या दप्तराची पाने आता आपल्याला प्रत्यक्ष वाचता येतात. हूनान प्रांतातल्या लीये या गावी एका जुन्या खंदकात छिन काळातल्या घरनोंदीच्या लाकडी पट्ट्या सापडल्या आहेत. अखंड पट्टीची लांबी साधारण ४६ सेंटिमीटर. प्रत्येक पट्टी आडव्या रकान्यांत विभागलेली, एका पट्टीवर एक घर. त्यांपैकी एक असे सांगते: नानयांग वस्तीतला कुटुंबप्रमुख, जिंकलेल्या छू प्रदेशातला, ‘बूगंग’ दर्जाचा, नाव मान छ्यांग. खालच्या रकान्यात बायको, तिचे नाव छ्येन. त्याखाली लहान मुलगा, ज्याचे नाव आता पुसले गेले आहे. मग लहान मुलगी, थुओ. शेवटच्या रकान्यात दास, नाव ज्यू. आणि एक शेरा: हा पाच घरांच्या गटाचा प्रमुख. बायकोचे कुलनाम या पट्टीवर नाही. झोउ काळात जे नोंदवणे सर्वांत महत्त्वाचे होते, ते इथे लिहायची कोणाला गरज वाटली नाही. दासालाही एकच नाव पुरले. राज्याला हवा होता कर देणारा, सैन्यात जाणारा आणि शेजाऱ्याच्या गुन्ह्याबद्दल जाब देणारा कुटुंबप्रमुख, आणि नोंद त्याच्याभोवती रचली गेली. शिंग आणि शि यांतला भेद याच काळात पुसला गेला. इ.स.पू. पहिल्या शतकाच्या सुमारास इतिहासकार सिमा छ्येन दोन्ही शब्द सरमिसळ वापरतो, आणि सतराव्या शतकातला विद्वान गू येनवू याने या गोंधळाची सुरुवात त्याच्यापासूनच धरली आहे. सिमा छ्येनला दोष देण्यात अर्थ नाही. ज्या समाजात तो लिहीत होता तिथे हा भेद आधीच मेला होता. माझ्या दृष्टीने कळीची गोष्ट ही की या विलीनीकरणात टिकले ते मुख्यतः शि, म्हणजे जहागिरीचे आणि पदाचे नाव. आज चीनमध्ये चालणाऱ्या बहुतेक आडनावांचे मूळ तिथे आहे. रक्ताचे नाव मागे पडले.

म्हणूनच चिनी आडनावांचा शब्दार्थ लावून मोकळे होणे धोक्याचे आहे. ‘मा’ म्हणजे घोडा, पण मा घराण्याच्या पूर्वजांचा घोड्यांशी संबंध असेलच असे नाही. परंपरेप्रमाणे हे आडनाव झाओ राज्याच्या झाओ शे या सेनापतीला मिळालेल्या ‘माफू’ या पदवीवरून आले. ‘ह्वांग’ म्हणजे पिवळा, पण हे इ.स.पू. ६४८ मध्ये छू राज्याने गिळलेल्या एका चिमुकल्या राज्याचे नाव. चेन, सुंग, झेंग, वू, छिन ही सगळी बुडालेली राज्ये आहेत. सिमा हा सैन्याचा अधिकारी, सितू हा जमिनीचा आणि प्रजेचा. ‘च’ म्हणजे गाडी, आणि ते हान काळातल्या एका वृद्ध प्रधानाच्या वंशजांचे आडनाव. थ्येन छ्येनछ्यू हा तो प्रधान. म्हातारपणी त्याला छोट्या गाडीत बसून राजवाड्यात यायची खास परवानगी मिळाली, लोक त्याला गाडीवाला प्रधान म्हणू लागले आणि पुढच्या पिढ्यांनी थ्येन सोडून च लावले. वांग म्हणजे राजा, आणि तेही एका घराण्याचे नाव नव्हे. वेगवेगळ्या राज्यांत सत्ता गेल्यावर ‘राजाच्या घरचे’ म्हणून ओळखली गेलेली अनेक असंबद्ध कुटुंबे त्यात आहेत. कुलकर्णी आणि देशमुख ही आडनावे ज्या समाजात आहेत त्याला ही रीत समजावून सांगायला नको. सगळे कुलकर्णी एका आजोबांचे नातू आहेत असे आपण मानत नाही. सगळे वांगही तसे नाहीत.

बाहेरून आलेल्या लोकांच्या बाबतीत तर राजाचा हात उघडच दिसतो. उत्तर चीनवर राज्य करणाऱ्या श्येनपेइ टोळीच्या श्याओवन सम्राटाने राजधानी लोयांगला हलवली आणि ४९६ साली फर्मान काढून आपल्याच लोकांची आडनावे चिनी केली. सम्राटाचे स्वतःचे तुओबा गेले आणि युआन आले. दुगू लोक ल्यू झाले, बूल्यूगू लोक लू झाले. त्या राजवटीच्या इतिहासग्रंथात अशा शंभराहून अधिक बदलांची यादीच आहे. साठ वर्षेही झाली नाहीत तोच वारे फिरले. पश्चिमेकडे सत्तेवर आलेल्या युवन थाइने आपल्या चिनी सेनापतींना श्येनपेइ आडनावे वाटली. यांग घराण्याला पूल्यूरू मिळाले, ली घराण्याला दाये. पुढे याच यांग घराण्याने स्वै राजवंश स्थापला आणि याच ली घराण्याने थांग, तेही आपापली चिनी आडनावे परत लावून. आज ल्यू आडनावाचा माणूस हान सम्राटांशी नाते सांगत असेल, तर त्याचे पूर्वज गवताळ प्रदेशातले घोडेस्वार असण्याचीही शक्यता आहे. मध्य आशियातून आलेल्या सोग्दी व्यापाऱ्यांना चिनी दप्तराने गावावरून आडनावे दिली: समरकंदचा तो कांग, बुखाऱ्याचा तो आन, ताश्कंदचा तो शि. ७५५ साली आन लूशानने थांग सत्तेविरुद्ध बंड पुकारले, तेव्हा आन आडनावाचाच एक निष्ठावंत सेनापती सम्राटापुढे गेला आणि बंडखोराशी आडनाव जुळते याची लाज वाटते असे सांगून त्याने ते बदलून मागितले. त्याला राजवंशाचे ली मिळाले. इतिहासात तो ली बाओयू म्हणूनच राहिला.

भारताचा धागाही याच विणीतला आहे. चीनमध्ये गेलेले भारतीय भिक्षू ‘थ्येनझू’ या देशनामावरून ‘झू’ हे आडनाव लावत, आणि त्यांचे चिनी शिष्य गुरूचेच आडनाव घेत. धर्मरक्ष हा दुनह्वांगचा थोर अनुवादक युएझ्यी वंशाचा होता, पण गुरू भारतीय म्हणून तोही झू झाला. चौथ्या शतकात दाओआन या आचार्यांनी हे थांबवले. सर्व भिक्षूंचा गुरू एकच, शाक्यमुनी, तेव्हा सर्वांनी शाक्य या नावाचे चिनी रूप ‘शि’ हेच लावावे असे त्यांनी ठरवले, आणि आजही चिनी भिक्षू ते लावतात. त्याहून ठळक उदाहरण गौतम घराण्याचे. थांग राजधानीत छ्वीथान, म्हणजे गौतम, या आडनावाचे भारतीय वंशाचे कुटुंब पिढ्यान्‌पिढ्या राजाच्या खगोलखात्यात होते. त्यातल्या गौतम सिद्ध याने ७१८ साली नवग्रह पंचांग चिनीत आणले आणि खगोल व शकुनशास्त्राचा मोठा ग्रंथ संकलित केला. शून्य बिंदूने लिहिणारे भारतीय अंक त्यात नोंदलेले आहेत. त्याचा मुलगा गौतम झुआन ७७६ साली वारला. त्याचा मृत्युलेख १९७७ मध्ये शीआनजवळ सापडला, आणि घराणे मूळचे मध्य भारतातले, आता मात्र राजधानीचे रहिवासी, अशी त्याची भाषा आहे. गोत्रनाम चिनी अक्षरांत बसले आणि सरकारी पगारपत्रकावर चढले, तेव्हा ते चिनी आडनाव झाले.

राजा आडनाव देतो, तसेच ते काढूनही घेतो. थांग राज्याच्या उभारणीत श्यू शिजी या सेनापतीने पराक्रम गाजवला आणि त्याला ली हे राजवंशाचे आडनाव बक्षीस मिळाले. सम्राट थायझोंगच्या नावातले अक्षर त्याच्या नावात येत होते म्हणून पुढे मधले ‘शि’ गळाले आणि तो ली जी झाला. त्याचा नातू ली जिंगये याने ६८४ साली सम्राज्ञी वू हिच्याविरुद्ध यांगझोउला उठाव केला. सम्राज्ञीने आजोबांची कबर उकरायला लावली आणि घराण्याचे ली काढून घेतले. नातू इतिहासात पुन्हा श्यू झाला. याच वू हिने ६५५ मध्ये पदच्युत राणी वांग हिच्या घराण्याला ‘अजगर’ आणि दुसरी प्रतिस्पर्धी श्याओ हिच्या घराण्याला ‘घुबड’ अशा अर्थाची आडनावे लावायला लावली होती. सतराव्या शतकात मिंग राज्य बुडत असताना झेंग सन या तरुणाला परागंदा सम्राटाने झू हे राजवंशाचे आडनाव दिले. लोक त्याला ‘राजआडनावाचे सरदार’ म्हणू लागले, आणि त्या पदवीचा युरोपीय अपभ्रंश कॉक्सिंगा. तैवानमधून डचांना हाकलणारा तो हाच. काही वेळा तर माणसाने काहीही न करता आडनाव हातचे जाई. सम्राटाच्या किंवा त्याच्या पूर्वजाच्या नावातले अक्षर उच्चारायला बंदी असे. सुंग काळातला प्रसिद्ध प्रधान वन यानबो याच्या घराण्याचे मूळ आडनाव जिंग. दहाव्या शतकात शि जिंगथांग सम्राट झाला, त्याच्या नावात जिंग होते, म्हणून घराण्याने वन लावले. ती राजवट पडताच पुन्हा जिंग. मग सुंग राजवट आली, संस्थापकाच्या आजोबांचे नाव जिंग निघाले, आणि पुन्हा वन. दोन राजवंशांच्या शिष्टाचारापायी एका घराने तीनदा आडनाव बदलले.

यावर पहिला आक्षेप वजनदार आहे. आडनाव रक्ताचे नव्हते तर एकाच आडनावात लग्न करण्यावर एवढी कडक बंदी का? थांगांच्या ६५३ च्या दंडसंहितेत सगोत्र, म्हणजे एकाच आडनावाच्या, विवाहाला दोन वर्षे सक्तमजुरी सांगितली आहे. पूर्वजपूजा, कुलमंदिरे, शेकडो खंडांच्या वंशावळी हे सारे मग काय होते? माझे उत्तर असे की लोकांची श्रद्धा खरी होती आणि तिचे परिणामही खरे होते. पण श्रद्धा खरी म्हणून वंशावळ खरी होत नाही. अजगर आणि घुबड झालेली घराणी, राजवंशाचे बक्षिसी ली, फर्मानाने ल्यू झालेले श्येनपेइ, या साऱ्यांनाही तोच विवाहनियम लागू झाला. दप्तराने दिलेल्या नावाला कायद्याने रक्ताचा दर्जा दिला. वंशावळी लिहिण्याची आज दिसते ती पद्धत अकराव्या शतकात ओउयांग श्यू आणि सू श्युन यांनी घालून दिली. थांगांची मोठी जुनी घराणी तोवर युद्धांत नष्ट झाली होती आणि नव्या परीक्षार्थी अधिकाऱ्यांना पूर्वज हवे होते. नंतरच्या बऱ्याच वंशावळींत पहिली काही पाने म्हणूनच सारखी वाटतात.

कोंग घराण्याचे काय, असे कोणी विचारील. दोन हजार वर्षांहून जुनी, २००९ च्या आवृत्तीत वीस लाखांहून जास्त नावे असलेली त्यांची वंशावळ जगात अपवादात्मक आहे, यात शंका नाही. पण ती टिकली कशी? सुंग सम्राटाने १०५५ मध्ये थोरल्या शाखेला दिलेली सरदारकी १९३५ पर्यंत चालली, आणि तिच्याबरोबर जमिनी, करमाफी, नोकरचाकर. राजांनी सांभाळली म्हणून ती शाबूत राहिली. शिवाय याच घराण्याचा वृत्तांत सांगतो की दहाव्या शतकाच्या सुरुवातीला देवस्थानाच्या सेवेतल्या एका कुटुंबातला मो नावाचा माणूस कोंग आडनाव लावत होता. त्याने ९१३ साली खऱ्या वारसाला मारले आणि गादी बळकावली. वारसाचा तान्हा मुलगा आजोळी वाढला आणि पुढे त्याला हक्क परत मिळाला. घराणे आजही त्याला पुनःसंस्थापक मानते. कोण खरा कोंग, याचा निवाडा तेव्हाही सरकारदरबारीच झाला.

दुसरा आक्षेप मला अधिक अडचणीचा वाटतो. राजाला एवढे महत्त्व दिले की प्रजा नुसती मातीचा गोळा ठरते. ते खरे नाही. अठराव्या शतकात, योंगझेंग सम्राटाच्या काळात, फूच्येन प्रांतातल्या सरकारी कागदांत एक तक्रार येते: मोठ्या आडनावांच्या जाचाविरुद्ध लहान आडनावांची गावे एकत्र येऊन ‘छी’, म्हणजे एकजूट, असे नवे आडनाव लावतात, आणि मोठ्यांचीही ‘बाओ’, म्हणजे कवेत घेणारे, अशी जुळवाजुळव होते. मग दोन्ही बाजू हत्यारे घेऊन भिडतात. इथे फर्मान कोणाचेच नव्हते. माझ्या मांडणीला ही भर घालावी लागते, पण ती मोडत नाही, कारण इथेही आडनाव जन्माने आलेले नाही. संरक्षण हवे होते, ते रक्तात मिळाले नाही म्हणून नावात शोधले. तिसरा मुद्दा गणिताचा. मुलगेच आडनाव पुढे नेतात अशा समाजात काळाच्या ओघात बहुतेक आडनावे योगायोगानेच मरतात, हे गाल्टन आणि वॉटसन यांनी १८७४ मध्येच दाखवले. चिनी आडनावे जगातल्या सर्वांत जुन्या आडनावांत मोडतात, म्हणून आज ती थोडी उरली. हे मला मान्य आहे. पण आडनावे किती उरली हे योगायोग सांगतो, कुठली उरली हे सांगत नाही. ली आणि ल्यू वरच्या पाचांत आहेत, आणि थांग आणि हान या दोन मोठ्या राजवंशांची आडनावे हीच होती.

दप्तराचा हा अधिकार आजही गेलेला नाही. युन्नान प्रांतातल्या लिसू समाजाच्या एका गावातले आडनाव इतके दुर्मीळ की ओळखपत्राच्या संगणकात ते अक्षरच नव्हते. गावकऱ्यांनी जवळचे अक्षर म्हणून ‘बदक’ अर्थाचे आडनाव लावून वर्षे काढली. हजारो दुर्मीळ अक्षरांची भर घातलेले नवे राष्ट्रीय मानक १ ऑगस्ट २०२३ पासून लागू झाले, तेव्हा अशा लोकांची वाट मोकळी झाली. शानतुंग प्रांतातल्या जीनान शहरात २००९ साली एका जोडप्याने मुलीला आईचे नाही, बापाचेही नाही, असे स्वतः घडवलेले आडनाव द्यायचे ठरवले. पोलीस ठाण्याने नोंद नाकारली. प्रकरण इतके वर गेले की नोव्हेंबर २०१४ मध्ये राष्ट्रीय लोकप्रतिनिधी सभेच्या स्थायी समितीने कायद्याचा अर्थ स्पष्ट केला: आडनाव तत्त्वतः आईचे किंवा बापाचे असावे, थेट वडीलधाऱ्या रक्तसंबंधीयांचे किंवा सांभाळ करणाऱ्याचेही चालेल, अल्पसंख्याक जमातींनी आपली रीत पाळावी. पुढच्या वर्षी न्यायालयाने आईबापांच्या विरोधात निकाल दिला.